तुलारामची झाडी

करडी गावच्या तुलारामपुढं दोन विषय चुकूनही काढू नयेत. एक, भंडाऱ्याला भंडारा का म्हणतात. दुसरा, झाडी म्हणजे कुठला मुलूख. काढलेत की मेलात! तुमची एसटी निघून गेली तरी हा गृहस्थ सोडायचा नाही. चौथी शिकलेला धानाचा शेतकरी; पण शेकडो वर्षांपूर्वीच्या शिलालेखात भंडाऱ्याचं नाव ‘भाणारा’ असं आहे, हे त्याला एका मास्तरांनी सांगितलं, आणि तेव्हापासून हा अख्ख्या मुलखाचा वकील झाला.

सन एकोणऐंशीच्या फाल्गुनात त्याच्या श्रावणचं लग्न जुळत आलं. श्रावण भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या फॅक्टरीत लागलेला, क्वार्टरही मिळालेलं. हिंगणघाटकडची मुलगी पसंत पडली होती. आता तिचे वडील भय्याजी घर पाहायला येणार होते, आणि त्यांनी आधीच कळवलं होतं, “झाडीत पोरगी देणार नाही. तिथं जंगल, वाघ आन् दोन्ही वेळ भात!”

तुलारामच्या बायकोनं, सत्यभामाबाईनं, डोकं लढवलं. झाडीतली करडी दाखवायचीच नाही. वैनगंगेच्या अलीकडं, क्वार्टरातच चहा पाजून पाहुण्याची बोळवण करायची. नवऱ्याला तिनं देवापुढं उभं केलं. “अजी, पोराच्या लग्नाचा सवाल आहे. तोंड उघडाचं नाही!”

बिचारा तुलाराम पोह्यांच्या दोन बश्या होईस्तोवर गप्प बसला. मग भय्याजी सहज म्हणाले, “इथं पितळेची भांडी बनतात, म्हणूनच भंडारा ना?”

सत्यभामाबाईनं डोळे मिटून घेतले.

“चूक!” तुलाराम उसळला. “भाणारा! शिलालेखात आहे! आन् नागपूर सोडून इकडं आलं, का काळी जमीन सरते, धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली खाचरं लागतात, तलाव लागतात. तिथून आमची झाडी. झाडं आहेत म्हणून झाडी, त्यात लाजाचं काय?”

“म्हणजे तुम्ही झाडीवालेच!” भय्याजींनी टोपी उचलली. “येतो मी. राम राम.” श्रावणचा चेहरा पार उतरला.

“पोरगी नका देऊ,” तुलाराम म्हणाला, “पण तुम्ही चुकीची माहिती घेऊन जाऊन राहिले, हे मले सहन होत नाही. चला!” आणि पाहुण्याचा हात धरून त्यानं त्याला सरळ करडीच्या गाडीत कोंबलं. सत्यभामाबाई कपाळ बडवत मागोमाग चढली.

करडीचा तलाव त्या उन्हातही अर्ध्याच्या वर भरलेला होता. भय्याजी पाळीच्या बांधावरून खाली उतरले आणि पाण्यात पाय सोडून बसले.

“फाल्गुनात एवढं पाणी?” ते म्हणाले. “आमच्या विहिरीतून पाणी शेंदून शेंदून पोरीच्या हाताले घट्टे पडले हो. दिली पोरगी! पण एक अट. लग्नात तुम्ही माईक हाती घ्याचा नाही, आन् या विषयावर एक शब्द बोलाचा नाही.”

तुलाराम पाण्याकडं पाहत राहिला. “दोन दिवस विचार करू द्या.”

“झाला विचार!” मागून सत्यभामाबाई ओरडली.

वैशाखात हिंगणघाटकडं लग्न लागलं आणि माईक हाती घेतला तो खुद्द भय्याजींनी. झाडीत पोरगी दिली म्हणून कुजबुजणाऱ्या सोयऱ्यांना त्यांनी अर्धा तास झाडी सांगितली. तलाव सांगितले, बांध्या सांगितल्या. तुलारामचे डोळे भरून आले. आपला मुलूख परक्याच्या तोंडून इतका गोड लागेल, असं त्याला वाटलं नव्हतं.

“आन् तिथं पितळेची भांडी बनतात,” भय्याजी गरजले, “म्हणून नाव भंडारा!”

तुलाराम ताडकन उठला. बायकोनं धोतर धरून त्याला खाली ओढलं. त्यानं एकदा नव्या सुनेच्या हातांकडं पाहिलं, पत्रावळीतला बुंदीचा अख्खा लाडू उचलून तोंडात कोंबला, आणि भाषण संपेस्तोवर तो नुसता चावत राहिला.