रमाच्या हातातला फ्लॅश

रिफायनरीत माझं काम बिघाड शोधायचं. कुठल्या मीटरचा काटा खोटं बोलतोय हे वामनराव नुसतं बघून ओळखतात, असं माझ्याबद्दल बोललं जायचं. म्हणजे मीच बोलायचो. घरी मात्र माझी कीर्ती वेगळी. नात्यातल्या प्रत्येक लग्नामुंजीचा मी फुकट फोटोग्राफर. "वामनराव आहेत ना, मग बाहेरचा कशाला?" हे ऐकलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. फोटो हातात पडल्यावर तेच लोक काय म्हणायचे, ते इथे सांगायला नको.

एकच फ्लॅश कॅमेऱ्यावर लावला की माणसं भिंतीला चिकटवल्यासारखी दिसतात. म्हणून दुसरा फ्लॅश बाजूने, उंचावरून हवा. तो धरायची माझी बायको रमा. कॅमेऱ्यापासून तिच्या हातापर्यंत लांब वायर. मी पुढे सरकलो की ती सरकणार, मी वळलो की ती वळणार. बडोद्यातल्या आमच्या सगळ्या नातेवाइकांची लग्नं तिने अशी उभ्याने पाहिली. अक्षता टाकायला हात मोकळा नाही, जेवायला बसायचं ते सगळ्यांच्या मागून. सात जन्मांची गाठ पुरली नाही म्हणून मी वरून ही वायर बांधली होती, आणि कौतुकाने तिला 'आमची जोडी' म्हणायचो.

दोन हजार सातच्या गणपतीत रमाची भाची मुग्धा हिचं लग्न ठरलं. रमा म्हणाली, "अहो, या लग्नात मी बसणार आहे. पहिल्या रांगेत, चांगली साडी नेसून. फ्लॅशचं तुमचं तुम्ही बघा."

इतक्या वर्षांत माझ्या छंदाकडे तिने मागितलेली ही पहिली गोष्ट. मी लगेच वायरलेस ट्रिगर आणला. एक डबी कॅमेऱ्यावर, दुसरी फ्लॅशखाली. इकडे बटण दाबलं की रेडिओच्या लहरीने तिकडे उजेड. चिनी होता, स्वस्त होता, आणि मी हुशार होतो.

दसऱ्यापर्यंत तो सुरळीत चालला. मग तीनदा उडायचा आणि चौथ्यांदा ढिम्म. मी कंबर कसली. बॅटऱ्या बदलल्या. शेजारच्या प्रतापसिंहरावांच्या कॉर्डलेस फोनवर संशय घेतला आणि त्यांना तो बंद ठेवायला लावला. त्यांनी ठेवला, पण माझ्याशी बोलणंही बंद ठेवलं. घरातला मिक्सर बंद, टीव्ही बंद, पंखे बंद. चाचणीसाठी रमाला फ्लॅश घेऊन एकेका खोलीत उभं केलं.

"मी सुटावं म्हणून आणलाय ना हा?" न्हाणीघराच्या दारातून तिने विचारलं.

शेवटी एकदा फ्लॅश काढताना माझं बोट लाल झालं. फ्लॅश बसतो त्या पत्र्याच्या खाचेत कुंकू वाळून घट्ट बसलं होतं. खंडेनवमीला पाने, पक्कड आणि स्कूटरबरोबर या नव्या ट्रिगरचीही मी यथासांग पूजा केली होती, आणि ओल्या कुंकवाचं बोट नेमकं त्याच्या जोडावर टेकवलं होतं. कामावर आलेल्या नव्या मुलांना मी पहिला धडा हाच देतो, की बाकी काही करण्याआधी जोड पुसून बघा.

"ओटी भरायची तेवढी राहिली," रमा म्हणाली.

स्पिरिटने पुसल्यावर ट्रिगर शहाण्यासारखा वागू लागला. त्याच्या दोन्ही डब्यांवर चॅनल बदलायचे बारीक खटके होते. नीट चालणारी वस्तू धक्क्याने हलू नये म्हणून प्लँटमध्ये आम्ही असे खटके लाखेने पक्के करतो. मी ते रमाच्या नेलपॉलिशने केले. एक नंबरवर, कायमचे.

लग्न डिसेंबरात, गोरज मुहूर्तावर, गोरव्याच्या पुढच्या एका पार्टी प्लॉटमध्ये, म्हणजे लग्नांसाठी भाड्याने मिळणाऱ्या मोकळ्या मैदानात होतं. भिंतीपलीकडच्या प्लॉटमध्ये गुजराती लग्न होतं आणि तिथे नवऱ्या मुलाची जान, म्हणजे वरात, वाजतगाजत येत होती. मी फ्लॅश उंच स्टँडवर बसवला आणि पहिल्या रांगेकडे विजयी नजर टाकली. अंजिरी साडी, मुठीत अक्षता, शेजारी तिची बहीण सुहासिनी. लग्नात रमा मला समोरून दिसायची ही पहिलीच वेळ. फार छान दिसत होती.

मंगलाष्टकं सुरू झाली आणि माझा फ्लॅश आपोआप उडायला लागला. मी बटणाला हातही लावलेला नाही आणि हा आपला लखलखतोय! गुरुजी दचकले. मी दाबावं तर हा नुकताच उडून रिकामा झालेला, पुन्हा भरेपर्यंत मख्ख. बॅटऱ्या बदलल्या, जोड पुसला, हळू आवाजात दोन शिव्या हासडल्या. पलीकडे फोटो निघाला की इकडे उजेड पडतो, हे ध्यानात आलं तेव्हा शेवटचं मंगलाष्टक चाललं होतं. पलीकडचा फोटोग्राफरही असाच ट्रिगर लावून एक नंबरवर होता. आता आपला नंबर बदलायचा तर खटका हलायला हवा, आणि तो नेलपॉलिशखाली निवांत होता.

रमाला माझा चेहरा लांबूनही वाचता येतो. ती खुर्चीतून उठू लागलेली मला दिसली. मी जोरात मान हलवली, नाही, तू बस. मग तिकडे पाहायला वेळच उरला नाही. अंतरपाट खाली आला आणि मी दिव्यांच्या माळांच्या उजेडात जे येतील ते फोटो काढले.

नंतर भिंतीपाशी पलीकडचा फोटोग्राफर भेटला. तोही वैतागलेला. "काका, तमे पण एक नंबर पर? मारी फ्लॅश तो क्यारनी गांडी थई गई छे!" त्याचाही फ्लॅश कधीचा वेडा झाला होता, म्हणजे मीही त्याच्या लग्नात तेवढाच धुमाकूळ घातला होता. तरी मी खुशीत होतो. फोटो गेले, पण रमा बसली, वेळेवर जेवली. मला स्वतःचा अभिमानसुद्धा वाटला. तो वाटायला मला फार काही लागत नाही.

पंधरवड्याने सुहासिनीकडे सगळे फोटो बघायला जमले. "भाऊजी, दिवे गेले होते का हो?" तिने विचारलं. मी लाइटच्या खात्याला दोष द्यायच्या बेतात होतो, तेवढ्यात मुग्धा एका फोटोवर थांबली. अंतरपाटाचा क्षण. नवरानवरी हललेली, त्यांच्यामागे पाहुण्यांची पहिली रांग मात्र स्वच्छ आलेली. सगळ्यांचे हात अक्षता टाकायला पुढे झालेले. एकटी रमा खुर्चीतून अर्धवट उठलेली, अक्षता साडीवर सांडलेल्या, उजवा हात डोक्याच्या वर ताठ, आणि हातात काही नाही.

"मावशी, कुणाला हात करत होतीस गं?"

सगळे हसले. मीही हसलो, आणि हसता हसता तो रिकामा हात पुन्हा पाहिला. मी वायर तेवढी काढली होती. तिचा हात कसा होऊन बसलाय, ते मी कधी पाहिलंच नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

रमाने चष्मा लावला आणि फोटो खिडकीकडे धरून नीट न्याहाळला.

"हात अजून वीतभर वर हवा होता," ती म्हणाली. "नाहीतर मुग्धाच्या गळ्यावर सावली पडली असती."