घरच्यांना काम द्या

माझे बाबा आजारी पडत नाहीत. म्हणजे पडतात, पण कबूल करत नाहीत. अंगात फणफणून ताप असला तरी "मला काय धाड भरलीय" म्हणत जॅकेट चढवून ऑफिसला निघणार. पाय मुरगळला तर बूट लहान होऊन राहिला म्हणणार. आणि गळ्याच्या खाली, बेंबीच्या वर काहीही झालं तर त्याला एकच नाव, गॅस. मी शाळेत असताना आम्ही नागपूर सोडून ईडन प्रेरीला आलो. बाबांनी मिनेसोटाची थंडी पचवली, सपक जेवण पचवलं, गॅस तेवढा नागपूरचाच राहिला.

कॉलेज संपल्यावर मी मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची तयारी करत होते. इथल्या मेडिकल कॉलेजांना नुसते मार्क पुरत नाहीत, तुम्ही खऱ्या पेशंटला कधी हात लावलाय का तेही बघतात. म्हणून मी संध्याकाळचा ईएमटीचा कोर्स घेतला. ईएमटी म्हणजे ॲम्ब्युलन्समधून येऊन पहिली मदत करणारा माणूस. बाबांना हे अजिबात पटलं नाही.

"डॉक्टर व्हायला निघाली होती ना तू? मग ॲम्ब्युलन्सवर काहून चालली?"

"डॉक्टर व्हायलाच चाललेय, बाबा."

"लोक दवाखान्यात ॲम्ब्युलन्समध्ये मागे झोपून जातात. तू पुढे बसून चालली."

आमच्या ओळखीच्या एका काकूंना वाटलं, मी ॲम्ब्युलन्स चालवायला शिकतेय. त्या कौतुकाने म्हणाल्या, "बरं झालं बाई, आमच्याकडचा तर अजून हायवेवर कार घ्यायला घाबरतो." बाबा मात्र चारचौघांत "ती इमर्जन्सी मेडिसिनमध्ये आहे" असं घाईघाईने सांगून क्रिकेटचा विषय काढत.

आमची शिकवणारी बाई अग्निशमन दलातून निवृत्त झालेली होती. तिचा आवाज ऐकून वाटायचं, हिच्या गाडीला सायरन लागत नसणार. तिने घरी सराव करायला सांगितलं. घरच्या एखाद्याला पेशंट करा, छातीत दुखतंय असं नाटक करायला सांगा आणि सगळे प्रश्न विचारा. मी बाबांना सोफ्यावर आडवं केलं.

"काय होतंय तुम्हाला?"

"काही नाही."

"बाबा, छातीत दुखतंय असं धरायचंय."

"दुखून नाही राहिलं तर खोटं कशाला बोलू?"

"नाटक आहे हो."

"बरं." त्यांनी डोळे मिटले. "विचार."

"छातीत दुखतंय का?"

"नाही."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई आली. "त्यांना काय विचारतेस? मला विचार. त्यांना दुखत नाही, जळजळतं. रात्री उशिरा जेवतात, मग दुसरं काय होणार? आणि डाव्या कुशीवर झोपा म्हटलं तर मुद्दाम उजव्या."

"आई, पेशंट ते आहेत."

"पेशंट ते, पण त्रास कोणाला आहे?"

मी शेवटचा प्रश्न काढला. "शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. तुमचं दुखणं दहापैकी किती?"

बाबांनी एक डोळा उघडला. "पासिंग किती?"

"पासिंग नसतं, बाबा."

"मग शून्य लिही."

दुसऱ्या दिवशी मी वर्गात तक्रार केली, की आमच्या घरी पेशंट बोलत नाही आणि इतर कोणी गप्प बसत नाही. मला वाटलं होतं, बाई म्हणेल, तुमच्या भारतीय घरांत असंच चालतं. ती म्हणाली, सगळ्याच घरांत असंच चालतं. माणूस आपल्या माणसांसमोर दुखणं सांगत नाही, कारण ती घाबरतील. आणि ती घाबरलेली असतात म्हणून त्यांची बडबड थांबत नाही. त्यावर उपाय एकच. घरच्यांना काम द्या. औषधं आणायला पाठवा, कुत्रा बांधायला सांगा, दार धरून ठेवायला सांगा. हाताला काम मिळालं की त्यांनाही बरं वाटतं, आणि पेशंटला खरं बोलायला दोन मिनिटं मिळतात.

रात्री जेवताना मी हे मोठ्या उत्साहाने घरी सांगितलं. आई म्हणाली, "म्हणजे बायकोला उल्लू बनवायचं." बाबा वाटीतलं वरण भुरकत राहिले. पण मिशीत हसले, ते मी पाहिलं.

कोर्समध्ये काही दिवस खऱ्या ॲम्ब्युलन्सवर जावं लागतं. मला ज्यांच्या हाताखाली दिलं होतं ते गृहस्थ जाडजूड, शांत आणि कमी बोलणारे होते. एका दुपारी कॉल आला तो नेमका मराठी घरातून. पुण्याहून मुलाकडे आलेल्या आजी चक्कर येऊन पडल्या होत्या. आम्ही शिरलो तेव्हा आजी कोचावर होत्या, भोवती मुलगा आणि सून होते, शेजारीण फोनवर होती, आणि पुण्यातला कोणी डॉक्टर भाचा व्हिडिओ कॉलवर "जरा जीभ दाखवा, जीभ" असं ओरडत होता. आजींना सोडून सगळे बोलत होते.

माझ्या वरिष्ठांनी मला डोळ्यांनी खूण केली, तू बोल. मी गुडघ्यावर बसले. "आजी, बरं वाटतंय का आता?"

"अगंबाई! मराठी?" आजींची चक्कर निम्मी उतरली. "कुठली गं तू?"

"नागपूरची."

"आडनाव काय?"

हा प्रश्न मला चांगला ओळखीचा आहे. नागपूर ऐकल्यावर तो कशासाठी येतो आणि उत्तर ऐकल्यावर समोरचा चेहरा कसा कसा बदलतो, तेही मला पाठ आहे. दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा आवळलेला असतानाही माणसाला तो सुचतो याचं मात्र मला त्या दिवशी खरोखर कौतुक वाटलं. मी म्हटलं, "आजी, बोलू नका. बोललं की रीडिंग चुकतं."

रीडिंग भलतंच वर होतं. गोळ्या घेता का विचारलं तर सून म्हणाली, रोज मी स्वतः हातात देते. मुलगा म्हणाला, कधी चुकत नाही. भाचा म्हणाला, डोस वाढवा.

माझ्या वरिष्ठांनी सुनेला सगळी औषधं गोळा करायला वर पाठवलं आणि शेजारणीला व फोनमधल्या भाच्यालाही तिच्यासोबतच धाडलं. मुलाला म्हणाले, "रस्त्यावर जाऊन उभे राहा. अजून एक गाडी येईल, तिला हात दाखवा." मुलगा धावतच सुटला. आमची ॲम्ब्युलन्स त्याच्याच ड्राइव्हवेत उभी होती आणि दुसरी कुठली गाडी येणार नव्हती. खिडकीतून दिसत होता बिचारा, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीकडे मान लांब करून बघत होता.

खोली रिकामी झाल्यावर आजींनी मला जवळ ओढलं. "सुनेला सांगू नकोस हं. मी गोळी घेतच नाही. तोंड कडू होतं. त्या कुंडीत टाकते."

कोपऱ्यातला मनीप्लांट छताला टेकला होता. त्याचं ब्लडप्रेशर उत्तम असणार.

स्ट्रेचरवर घेतल्यावर आजी म्हणाल्या, "तुझं आडनाव राहिलंच की." मी सांगितलं. त्या क्षणभर थांबल्या, "हं" म्हणाल्या. माझा हात त्यांनी धरलेला होता, तो हॉस्पिटल येईपर्यंत सोडला नाही.

घरी येऊन मी हा किस्सा रंगवून सांगितला. रस्त्यावर उभ्या राहिलेल्या मुलाची नक्कल करून दाखवली तेव्हा आईला हसताना ठसका लागला.

मग एप्रिल आला. मिनेसोटात आंबेडकर जयंतीलाही बर्फ पडतो, त्यात आम्हाला काही नवल राहिलेलं नाही. कार्यक्रम रविवारी दुपारी होता. स्पीकर आमच्या गराजमध्ये ठेवलेले आणि भाषण बाबांचं. मी वरच्या खोलीत पुस्तकांत डोकं खुपसून बसले होते, कारण पुढच्या शनिवारी माझी मेडिकलची परीक्षा होती. त्या रविवारी बाबा सकाळीच फावडं घेऊन ड्राइव्हवे मोकळा करायला गेले. मी चहाला खाली आले तेव्हा ते गराजच्या दाराशी बूट काढायच्या स्टुलावर बसले होते. एकच हातमोजा काढलेला होता. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आणि त्यांच्या कपाळावर घाम.

"काही नाही गं, पित्त आहे," आई म्हणाली. "काल भरीत खाल्लं ना दोनदा घेऊन. ओवा देते."

"बाबा, छातीत दुखतंय का?"

"नाही."

आवाज अगदी तोच, सोफ्यावरचा. फक्त या वेळी हात छातीवर होता.

मी म्हटलं, "आई, त्यांची सगळी औषधं घेऊन ये. आणि इन्शुरन्सचं कार्ड. वरच्या कपाटात आहे."

आईने माझ्याकडे रोखून पाहिलं. "मला काम देतेस?"

तिला सगळं कळलं होतं, तरी ती गेली.

बाबा म्हणाले, "दुखून राहिलं. सकाळपासून. तुझ्या आईला नको सांगू, ती घाबरते."

मी नाइन-वन-वनला फोन केला. फोनवरच्या बाईंनी सांगितलं तशी ॲस्पिरिन चावायला दिली. माझे हात सफाईने, स्थिरपणे चालत होते आणि मला स्वतःचा अभिमान वाटत होता. वर्गातल्या बाईची युक्ती अचूक लागू पडली होती. मी खरं काढलं होतं.

ॲम्ब्युलन्स आली. उतरले ते माझेच वरिष्ठ. मला पाहून त्यांनी मान हलवली आणि ते बाबांच्या समोर गुडघ्यावर बसले.

"सर, काय होतंय?"

"छातीत दुखतंय, सकाळपासून, बर्फ काढत होते," मी म्हटलं.

"आधी कधी झालं होतं?"

"नाही, कधीच नाही."

"कळ कुठे जाते का?"

"डाव्या खांद्यात जाते. आणि औषधाची ॲलर्जी नाही, डायबिटीस नाही, काल रात्री भरीत खाल्लं."

माझ्या वरिष्ठांनी वर पाहिलं. अगदी हळू आवाजात म्हणाले, "तू रस्त्यावर जाऊन उभी राहा. अजून एक गाडी येईल. तिला हात दाखव."

मी धावले. पायात सापडले ते बाबांचे बूट घातले आणि बर्फातून फताक फताक करत रस्त्यावर जाऊन उभी राहिले. एक गाडी दिसली, मी दोन्ही हात हलवले. ते शेजारचे आजोबा होते. त्यांनीही प्रेमाने हात हलवला आणि निघून गेले. मी पुन्हा मान लांब करून कोपऱ्याकडे बघायला लागले.

मग मागे वळले. ॲम्ब्युलन्स आमच्या ड्राइव्हवेत उभी होती. बाबांनी सकाळी जेवढा भाग मोकळा केला होता, बरोबर तेवढ्यात.

मला रडूच फुटलं. दुसरी गाडी येणार नाही हे मला कळलं, तरी मी पुढची काही मिनिटं रस्त्याकडे बघतच होते, कारण घरात जायची माझी हिंमत होत नव्हती.

हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर पेशंट नर्सच्या ताब्यात देताना सगळी माहिती तोंडी सांगावी लागते. मी स्ट्रेचरच्या कडेला उभी होते. माझे वरिष्ठ सांगत होते, "तीन आठवड्यांपासून जिना चढला की छातीत दुखतं, बसलं की थांबतं. आज थांबलं नाही. घरी सांगितलेलं नाही, मुलीची परीक्षा जवळ आली म्हणून."

बाबांनी डोळे गच्च मिटून घेतले. झोपलेला माणूस इतक्या जोरात डोळे मिटत नाही.

मला भयंकर राग आला. तीन आठवडे मी वरच्या खोलीत हृदयाच्या झडपा पाठ करत होते, आणि बाबा माझ्यासाठी कापलेलं सफरचंद घेऊन तोच जिना चढत होते. आईला बाहेर पाठवून मी खरं काढलं असं समजत होते. ते अर्धंच होतं. उरलेलं अर्धं मला बाहेर पाठवल्यावर निघालं.

बाबांच्या हृदयात स्टेंट बसला. दुसऱ्या दिवशी जयंतीची सगळी मंडळी भेटायला आली. बाबांचं भाषण दुसऱ्या एका काकांनी वाचलं म्हणे, आणि बाबांना सगळ्यात जास्त दुःख त्याचंच झालेलं दिसलं. "मधले पॉज घेतले का त्याने?" असं तीन जणांना विचारून झालं. हायवेवाल्या काकू म्हणाल्या, "मुलगी डॉक्टर होतेय म्हणून वाचलात हो."

"डॉक्टर व्हायची आहे अजून," बाबा म्हणाले. "सध्या ईएमटी करून राहिली. ॲम्ब्युलन्सवर असते." आणि या वेळी त्यांनी क्रिकेटचा विषय काढला नाही.

सगळे गेल्यावर खोलीत आम्ही तिघंच उरलो. मी विचारलं, "बाबा, आता खरं सांगा. दुखतंय का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. "जा, खाली चहा मिळतो का बघ," ते आईला म्हणाले. "आणि तू पण जा हिच्यासोबत, हिला कॅफेटेरिया सापडणार नाही."

मिशीत तेच हसू होतं. वरण भुरकताना पाहिलेलं.

"मला चहा नको," आई म्हणाली.

"मलाही नको," मी म्हटलं.

तेवढ्यात नर्स आली. तिने नेहमीचा प्रश्न विचारला, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय? आईने तोंड उघडलं आणि मिटलं. मी खिडकीबाहेर बघायला लागले. बाबांनी छताकडे पाहिलं.

"पासिंग किती?" त्यांनी मराठीत विचारलं.

आम्ही दोघी हसलो नाही, आणि जागच्या हललोही नाही.

"फोर," बाबा नर्सला म्हणाले. मग आमच्याकडे न बघता, थोडं थांबून, "फाइव्ह." नर्सने ते लिहून घेतलं. आई खुर्ची ओढून पलंगाच्या आणखी जवळ बसली.