टोमॅटोच्या काट्यावर

डॉक्टरांनी लिहून दिलेली थायरॉइडची रक्ततपासणी मी बायकोची करून घेतली नाही. विसरलो नव्हतो. तिचं वजन वाढत होतं, मग आणखी एक सुई कशाला, असं मीच ठरवलं आणि तिला सांगितलंही नाही.

तिला फुप्फुसाचा कॅन्सर आहे. त्यावर पुण्याला ठरावीक आठवड्यांनी इम्युनोथेरपीचं सलाइन लागतं. हे औषध गाठीला स्वतः मारत नाही, शरीरातल्याच लढाऊ पेशींना त्या गाठीवर सोडतं, हे ऐकल्यापासून मला त्याचं कुतूहल होतं. पण आत काय चाललंय ते दिसत नव्हतं. दिसायचं फक्त वजन. सुरुवातीला तिचे गाल बसले होते, बांगड्या कोपराकडे सरकायच्या. म्हणून राजुरीच्या आमच्या शेडमध्ये, टोमॅटोचे क्रेट तोलायच्या काट्यावर मी तिला दर रविवारी उभं करू लागलो. रिकाम्या क्रेटचं वजन वजा करायची सवय, त्यामुळे चपलाही काढायला लावायचो.

आकडा चढत गेला. आजारापूर्वीच्या वजनाच्याही पुढे गेला, तेव्हा मी तोडणीच्या बायांना बोलावून काटा दाखवला.

"मालकीणबाई, आता तीन क्रेटांत बी मावायच्या न्हाई तुमी," एक जण म्हणाली. सगळ्या हसल्या. बायकोही हसली, पण जरा उशिरा.

एक गोष्ट मात्र मला उलगडत नव्हती. ती जेमतेम अर्धी भाकरी खायची. मग वजन येत होतं कुठून? मी तिच्या ताटाकडे बघत विचार करायचो. शेवटी उत्तरही मीच काढलं, की औषध अंगी लागतंय. ऐन मे महिन्यात ती स्वेटर घालून उन्हात बसायची, आवाज घोगरा झाला होता, बोलता बोलता तिचा डोळा लागायचा. अंग उचलत नाही, म्हणायची. हे मात्र माझ्या उत्तरात बसत नव्हतं, म्हणून मी ते सोडून दिलं.

"आजारी माणसाचं वजन वाढतं व्हय?" मी एकदा म्हणालो. "बसून बसून जड झालीस. जरा हातपाय हलव."

ती दुपारी शेडमध्ये येऊन टोमॅटो निवडायला बसली. एखादा टोमॅटो हातात घेऊन तशीच थांबून राहायची.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी तिला तब्येत विचारली, तर तिच्या आधी मीच सांगितलं, एकदम मस्त, वजन बघा किती वाढलंय. त्यांनी आकडा नाही, तिचा सुजलेला चेहरा बघितला आणि थायरॉइडचा रिपोर्ट मागितला. राहिला, एवढंच मी म्हणालो. त्यांनी तिथेच रक्त घ्यायला लावलं.

रिपोर्ट आला, थायरॉइड मंदावली होती. गाठीवर सोडलेल्या पेशींनी गळ्यातल्या या ग्रंथीवरही हल्ला केला होता. थंडी, सुस्ती, घोगरेपणा, वजन, सगळं त्यातूनच. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घ्यायची, इम्युनोथेरपी चालू राहील, असं ते म्हणाले. गाठीचं काय झालं हे वजनावरून कळत नाही, त्याला स्कॅनच लागतो. आणि आधी तपासलं असतं, तर एवढा त्रास झाला नसता. ते हे सांगत असताना मी माझ्याच गळ्यावर बोट फिरवून ती ग्रंथी कुठे लागते का, ते चाचपत होतो. लक्षात आलं तेव्हा हात खाली घेतला.

परत येताना मंचरला चहाला थांबलो. ती दोन्ही हातांत कप धरून बसली होती.

"मला वाटायचं, मीच आळशी झाले," ती म्हणाली. "एवढा सगळ्यांनी जीव लावला आन् मी कामचुकार निघाले."

मी कप खाली ठेवला.

"ती तपासणी डॉक्टरांनी मागंच लिहून दिली व्हती. मीच केली न्हाई, तुला सांगितलं बी न्हाई. वर तुलाच बोललो. माझं चुकलं. मला माफ कर."