चाळीस दिवसांच्या आतलं बाळ

तिचं नाव बुरुलचा, पण सगळे तिला एजे, म्हणजे ताई, म्हणत; आमच्या नारिनकडच्या डोंगरी खोऱ्यातली ती जुनी नर्स. व्यंग घेऊन जन्मलेल्या प्रत्येक बाळाची खबर सात दिवसांत वर कळवायची, हे काम तिनं कधी चुकवलं नाही. लोक तिच्या कागदांना टरकून असत. ज्या घराची नोंद गेली, त्या घरच्या मुलीचं लग्न जमत नाही म्हणे! तिच्या हाताखाली नवीन लागलेल्या मला या समजुतीची चीड यायची.

कालियमानची सून बर्फामुळे घरीच बाळंत झाली. सहाव्या दिवशी आम्ही दोघी घोड्यांवरून पोचलो. कालियमाननं हसत पाळण्यावरचं कापड उचललं. बाळ गुलाबी, गुटगुटीत. मी 'निरोगी' लिहून टाकलं.

अंगणात एजे थबकली.

"चाळीस दिवस परक्याची नजर पडू न देणारी बाई, न मागता बाळ दाखवते? आणि सहा दिवसांचं पोर माझ्याकडे बघून हसतं?"

ती तशीच आत घुसली. "कालियमान, हे शेजारणीचं. तुझं कुठंय?"

"माझंच आहे! डोळे गेलेत तुझे."

"कुठंय?"

कालियमानचा आवाज पडला. "धाकट्या लेकीची सोयरीक ठरलीये गं. तुझ्या कागदानं मोडेल."

"कागदावर नाव नसतं."

"या आठवड्यात कोण बाळंत झालं, ते कळायला गावाला नाव कशाला लागतं?"

तेवढ्यात आतल्या खोलीतून सून स्वतःचं बाळ घेऊन बाहेर आली. बाळाचे ओठ जांभळे, श्वास धापेचा. मी लिहिलेलं 'निरोगी' खोडलं.

"हृदयात दोष दिसतोय. आत्ता निघालो तर शहरात पोचेल," एजे म्हणाली.

कालियमान दार अडवून उभी. हलेचना. शेवटी धाकटीनंच तिचा दंड धरून बाजूला ओढलं.

"सोयरीक गेली खड्ड्यात, आई! जाऊ दे त्यांना."

शस्त्रक्रिया झाली, पोर वाचलं. सोयरीक मात्र मोडलीच. उन्हाळ्यात कालियमान दवाखान्यात आली, तेव्हा मला वाटलं, भांडायला आली.

"दोन नोंदी राहिल्यात," ती एजेला म्हणाली. "माझी पहिली दोन पोरं. ओठ या पोरासारखेच जांभळे होते. एक अकरा दिवस जगला, दुसरी वीस. चाळीसच्या आत गेली, म्हणून कुणाला दाखवलीच नाहीत."

एजेनं कागद ओढला. "नावं सांग."

"ठेवलीच नव्हती. नुसतं 'दोघं होती' म्हणून लिही."