हसल्याशिवाय फोटो नाही

आमच्या घरात एक डिजिटल कॅमेरा आहे आणि त्याचे लाड माझ्यापेक्षा जास्त होतात. माझी बायको आनंदी खडकीच्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झाली तेव्हा सहकाऱ्यांनी दिलेला. चंदेरी, साबणाच्या वडीएवढा. पंधरा वर्षं झाली. अख्खं जग मोबाईलवर गेलं, ही काही गेली नाही. कुंडीतली जास्वंद फुलली की फोटो, शेजारचं मांजर व्यालं की फोटो, आणि विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीत कुणाकडे बारसं असलं की आमंत्रणाच्या आधी ही हजर!

या कॅमेऱ्याला एक खोड आहे. समोरचा माणूस दात दाखवून हसला की तो आपला आपण फोटो काढतो. नाही हसला तर ढिम्म. "ती सोय बंद होत नाही का गं?" असं मी एकदा विचारलं होतं.

"बटण बिघडलंय," म्हणाली.

त्यामुळे त्यात माझा एकही फोटो नाही. दारूगोळा कारखान्याच्या तपासणी खात्यात तीस वर्षं काढलेला माणूस उगाच हसत नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. साफ खोटं. स्कूटरवरून पडून माझे पुढचे तीन दात गेलेत. कवळी आहे, आणि हसलं की ती सुटते. हे आनंदीशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं.

गेल्या गुरुवारी दुपारी तिसऱ्या मजल्यावरची वल्लरी आली. पंधरा वर्षांची, शाळेच्या खो-खो संघात. महिन्यापूर्वी खांबावर आपटून तिचा पुढचा दात अर्धा तुटला. कॅप बसायला अजून वेळ आहे. तेव्हापासून पोरीने तोंड उघडणंच सोडलेलं. खो देतानासुद्धा तोंडावर हात! जिल्ह्याच्या सामन्यांसाठी ओळखपत्राला फोटो हवा होता, तर बाईसाहेबांनी मोबाईलवर गाल गुळगुळीत आणि दात अख्खा करून पाठवला. सरांनी उलट विचारलं, "ही कोण? आपल्या संघात नाही." आता पाचच्या आत खरा फोटो गेला नाही, तर शनिवारी ती बाहेर बसून टाळ्या वाजवणार होती.

"आजी, आईने तुमच्याकडेच जा म्हणून सांगितलं. पण तोंड बंद ठेवूनच हं, प्लीज."

"बस त्या खुर्चीवर," आनंदी म्हणाली. मला मागे पांढरी चादर धरून उभं केलं. या घरात माझी नेमणूक अशाच कामांवर होते.

वल्लरी ओठ मिटून बसली. कॅमेरा गप्प. आनंदीने तिसरीच्या वर्गातले सगळे विनोद सांगून पाहिले. वल्लरीने ओठ आणखी घट्ट मिटले. माझे हात भरून आले. साडेचार वाजले.

"अगं, रडकुंडीला आलीय ती. ठेव तो डबा," मी म्हटलं.

"तुम्ही चादर धरा."

वल्लरी गर्रकन माझ्याकडे वळली. डोळे भरलेले. "तुम्हाला काय कळणार, आजोबा! तुमचे दात बघा, कसे एका ओळीत आहेत!"

एवढंसं पोर, आणि माझ्यासारखंच लपवत बसलेलं. मी चादरीचं एक टोक सोडलं, कवळी काढून तळहातावर ठेवली, आणि होतं नव्हतं ते बोळकं पसरून ओरडलो, "खोऽऽ!"

वल्लरी दोन क्षण बघतच राहिली. मग जी हसत सुटली! "आजीऽ, अहो बघा तरी यांना!" म्हणत कॅमेऱ्याकडे वळली, तशी खटाखट क्लिक सुरू झाली.

फोटोत पुढे ती, अर्ध्या दातासकट खदखदणारी. मागे चादरीवरून डोकावणारा मी, तीन दातांच्या खिंडारासह. वल्लरीने तो कॉम्प्युटरवर बराच वेळ निरखला. मग म्हणाली, "आजी, आजोबांना कापा. दात राहू द्या."

पाचला दहा मिनिटं कमी असताना फोटो गेला. शनिवारी आम्ही दोघं सामन्याला गेलो. तिचा खो मैदानाबाहेरच्या रिक्षास्टँडपर्यंत ऐकू येत होता, आणि हात तोंडावर नव्हता.

रविवारी सकाळी मी चहा घेऊन गॅलरीत आलो, तर आनंदी जास्वंदीचा फोटो काढत होती. क्लिक. मी कप खाली ठेवला.

"काय गं, ही जास्वंद कधीपासून दात काढून हसायला लागली?"

ती वळली नाही. "बटण बरं होतं हो. तुमच्यासाठी थांबले होते. म्हटलं, कधीतरी हसाल."

पंधरा वर्षं! आत गेलो, कवळी वाटीत ठेवली आणि तिच्यासमोर येऊन उभा राहिलो.

"हं," म्हटलं, "काढ आता."