तीन इंजिनिअर आणि एक नववी

माझ्या दुकानात एक ड्रॉवर आहे. त्यात जुन्या चार्जरच्या वायरी पडलेल्या असतात. एक ओढायला जावं तर पाच बाहेर येतात! इंजिनिअर लोकांच्या गोष्टींचंही तसंच आहे. एकानं इंटरव्ह्यूचा किस्सा काढला की दुसऱ्याचं टीए बिल त्याच्यामागून ओढत येतं, आणि शटर खाली घ्यायची वेळ झाली तरी गुंता सुटत नाही.

बुलडाण्याजवळच्या धाड गावात, बस स्टँडच्या बाजूला माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. शाळेतले माझे तीन मित्र तिथे येऊन बसतात. तिघंही इंजिनिअर झाले. मी नववीत शाळा सोडली. निलेश कॉम्प्युटरवाला, पुण्यात नोकरी करतो, सुट्टीत गावी येतो. प्रशांत सिव्हिलवाला, रस्त्याच्या कामावर एका ठेकेदाराकडे आहे. आणि सचिन मेकॅनिकलवाला. मी सांगतोय त्या काळात त्याला नोकरी नव्हती.

सचिनच्या वडिलांचा मंडप डेकोरेशनचा धंदा. त्या वर्षी त्यांनी त्याला सांगून टाकलं होतं, "दिवाळीपर्यंत पाह्यतो. नाही जमलं तर तुळशीच्या लग्नापासून माह्यासंगं मंडपावर यायचं."

सचिनला बांबू उचलायची लाज नव्हती. पण त्या सीझनला त्याच्याच बॅचच्या पोरांची लग्नं होती, आणि त्यातले निम्मे मंडप त्याच्या वडिलांकडे होते.

"ज्यानं माही असाइनमेंट उतरवून डिग्री घेतली, त्याच्याच स्टेजवर मी सोफा पुसू का बे?" सचिन म्हणायचा.

सगळे हसायचे. मीही हसायचो, पण मान खाली घालून, टेबलावर हरवलेला स्क्रू शोधत असल्यासारखा. इंजिनिअर हसतात तेव्हा नववीवाल्यानं किती मोठ्यानं हसावं, हे मला अजून समजलेलं नाही.

* * *

सचिनचे ऑनलाइन इंटरव्ह्यू माझ्या दुकानातच व्हायचे, कारण वायफाय तिथे होतं. वर इस्त्रीचा शर्ट आणि टाय, खाली बर्मुडा. माझ्या खुर्चीवर तो बसायचा आणि मी बाहेर उभा राहून गिऱ्हाईक थांबवायचो.

एकदा पारध रोडकडचे एक बाबा आले. त्यांचा मोबाईल माझ्याकडे बरेच दिवस पडून होता, कारण त्याचा डिस्प्ले गावात मिळत नव्हता. मी म्हटलं, "बाबा, जरा थांबा, आत इंटरव्ह्यू चालू आहे."

बाबांनी मला बाजूला सारलं आणि थेट आत गेले. टाय घातलेला माणूस खुर्चीवर बसलेला दिसला, म्हणजे मालक हाच, असं त्यांनी ठरवलं.

"काऊन बे! किती चकरा मारू? आज देतो, उद्या देतो, हेच सांगतं तुहा माणूस!"

सचिन नुसता टाय सरळ करत राहिला. स्क्रीनवर कंपनीचे साहेब सगळं बघत होते. मग बाबांची नजर स्क्रीनवर गेली. चष्मा वर करून त्यांनी साहेबांकडे नीट पाहिलं आणि एकदम आवाज खाली आणून विचारलं,

"साहेब, तुमचाबी अटकला का मोबाईल याच्यापाशी?"

ती नोकरी गेली. बाबांचा मोबाईल मी दुसऱ्याच दिवशी बुलडाण्याहून डिस्प्ले आणून करून दिला. पैसे घ्यायला हात पुढे होईना.

* * *

प्रशांतला कंपनी प्रवासखर्च देते, पण त्याला बिल लागतं. आता आमच्याकडे काळीपिवळी जीपचं बिल कोण देणार? प्रशांत साइटवर जाताना एकदा जीपच्या मागे, शिडीला धरून गेला. आत जागाच नव्हती. उतरल्यावर त्यानं ड्रायव्हरला बिल मागितलं.

ड्रायव्हर म्हणाला, "लटकाले देलं हेच लय झालं. बिल कायचं मांगतं?"

शेवटी प्रशांतनं साध्या कागदावर लिहून दिलं. अकाउंटच्या मॅडम मोठ्या कडक. त्यांनी फोन केला, "या मार्गाचं भाडं मी बाहेरून विचारून घेतलंय. तुम्ही अर्धंच लावलंय. असं का?"

प्रशांत प्रामाणिक माणूस. म्हणाला, "मॅडम, मी अर्धाच आत होतो!"

* * *

दुसऱ्या वेळी त्याचं काम शेगावकडे निघालं. मुक्कामाचे पैसे मिळणार होते, पण हा राहिला मावशीकडे. तिथल्या साहेबांनी सांगितलं, कुठे राहिलात त्याचा काहीतरी कागद आणा. सकाळी पोहे खाताना प्रशांतनं भीत भीत मावशीला विचारलं, "मावशी, मी इथं राह्यलो असं लिहून देशील का? बिल म्हणून."

मावशीनं त्याच्या हातातली पोह्यांची प्लेट काढून घेतली.

"माह्या घरी झोपल्याचं तुले बिल पाह्यजे? मंग जाताना देवळात जाय अन् महाप्रसादाचंबी मांगजो!"

हे सांगताना प्रशांत हसतो, पण पुढचं तो हळू आवाजात सांगतो. त्यानंतर दोन सणांना मावशीचा फोन आला नाही. शेवटी त्याची आई जाऊन समजूत काढून आली. तेव्हा मावशी म्हणाली, "पोरगं शिकलं, चांगलं झालं. पण मले लॉज समजलं ना!"

* * *

निलेशला पुण्यात बढती मिळाली आणि एक दिवस त्यालाच इंटरव्ह्यू घ्यायला बसवलं. निलेशचं तिकडचं बोलणं एकदम वेगळं. दुकानात बसलेला असताना ऑफिसचा फोन आला की तो उठून लांब स्टँडच्या भिंतीपाशी जातो. आमचं 'मले-तुले' तिकडे ऐकू जाऊ नये म्हणून. मला ते कळतं. मी दुकानातला आवाज कमी करतो.

तर इंटरव्ह्यू ऑनलाइन होता. निलेशसोबत त्याचे पुण्याचे दोन साहेब. समोर आमच्याकडच्याच रोहिणखेडचा एक पोरगा. इंग्लिशमध्ये दोन वाक्यं बोलला की अडकायचा. निलेशला आपला पहिला इंटरव्ह्यू आठवला, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं,

"काऊन घाबरून राह्यला बे?"

पोरगा ताडकन सरळ झाला. "घाबरून नाही राह्यलो सर! लाइट जाऊन राह्यली, अन् घरच्यायनं म्हैस खिडकीपाशीच बांधली!"

मग दोघांचं असं काही सुरू झालं की विचारू नका. पोरानं सगळी उत्तरं धडाधड दिली. वऱ्हाडीत! संपल्यावर मोठ्या साहेबांनी निलेशला विचारलं, "हे काय चाललं होतं?"

निलेश म्हणाला, "सर, टेक्निकल डिस्कशन."

पोरगा लागला. पण ती भाषा आपल्या घरची आहे, हे निलेशनं साहेबांना तेव्हाही सांगितलं नाही. दुकानात हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता. मीही स्क्रू शोधत होतो.

* * *

सचिनला खरं तर सगळं येतं. त्याची एकच अडचण आहे. घाबरला की तो बोलत सुटतो. पुण्याला एका कंपनीत त्याला विचारलं, "तुमची कमजोरी काय?"

आता हा नेहमीचा प्रश्न आहे. याला सगळे म्हणतात, मी कामात फार गुंततो वगैरे. निलेशनं त्याच्याकडून ते पाठही करून घेतलं होतं. पण सचिन घाबरला. त्यानं ॲसिडिटीपासून सुरुवात केली. मग थर्मोडायनॅमिक्सचा बॅकलॉग सांगितला. मग उंचीची भीती, मग सकाळी लवकर उठवत नाही, मग आईचं ऐकत नाही.

साहेब म्हणाले, "पुरे, पुरे. एक सांगितली तरी चाललं असतं."

सचिन म्हणाला, "सर, अजून दोन राह्यल्या."

गावात आल्यावर आम्ही त्याला धरलं. "कायले सांगितलं बे एवढं?" प्रशांत ओरडला.

"अबे, विचारलं तर सांगा लागते ना!"

हसून हसून प्रशांत स्टुलावरून पडला. सचिन हसला नाही. दिवाळी जवळ आली होती, आणि त्याच्या वडिलांनी मंडपासाठी नव्या गाद्यांची ऑर्डर दिली होती.

* * *

दिवाळीच्या थोडं आधी शेगावला एका कंपनीची भरती निघाली. एका लॉजच्या हॉलमध्ये. ही शेवटची संधी होती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. निलेश पुण्यात, प्रशांत साइटवर. सचिन म्हणाला, "गजू, तू चाल संगं. मले एकट्याले घाबरल्यासारखं होते."

मी दुकान बंद ठेवून गेलो. चांगला पांढरा शर्ट घातला. इंजिनिअरच्या गर्दीत आपल्यामुळे सचिनला खाली पाहायला लागू नये म्हणून.

पहिला राउंड ग्रुप डिस्कशनचा होता. बारा-बारा जणांना आत घेत होते. सचिनच्या गटाचा नंबर आला आणि नेमकं त्याचं पोट बिघडलं. फाइल माझ्या हातात कोंबून तो म्हणाला, "जागा धर बे! आलोच!" आणि पळाला.

जागा धरणं मला येतं. एसटी स्टँडात शिरत असतानाच खिडकीतून रुमाल टाकून मी कितीतरी लोकांच्या जागा धरल्या आहेत. मी आत गेलो, गोल मांडलेल्या खुर्च्यांपैकी एकीवर रुमाल टाकला आणि बाजूला उभा राहिलो.

दारातला माणूस म्हणाला, "सर, बसून घ्या."

मला आजवर कोणी सर म्हटलं नव्हतं. मला इतकं लाजल्यासारखं झालं की मी बसलो. आणि दार बंद झालं.

समोर कंपनीच्या मॅडम होत्या. त्यांनी इंग्लिशमध्ये विषय सांगितला आणि अकरा जण एकदम बोलायला लागले. उठून 'मी यातला नाही' असं म्हणावं, तर अकरा इंजिनिअर माझ्याकडे बघणार. आणि उठलो तर जागा जाणार. मी फाइल छातीशी धरून बसलो. जो बोलेल त्याच्या तोंडाकडे बघत होतो, कारण मला दुसरं काही सुचत नव्हतं. मध्येच मॅडमनी मला नाव विचारलं. मी फाइल पुढे केली. त्यांनी वाचलं आणि लिहून घेतलं.

बाहेर आलो तेव्हा सचिन दाराला टेकून उभा होता. तोंड पांढरं पडलेलं. त्याला आत सोडलंच नव्हतं.

थोड्या वेळानं मॅडम बाहेर आल्या आणि नावं वाचली. आमच्या गटातून एकच नाव. सचिनचं! मॅडम इतरांना म्हणाल्या, "बारा जणांत दुसऱ्याचं ऐकून घेणारा हा एकच होता."

अकरा इंजिनिअरांनी माझ्याशी हात मिळवला. जमिनीत जावंसं वाटलं.

"आता काय करा?" मी सचिनला विचारलं.

सचिननं माझ्या हातातली फाइल घेतली. मग म्हणाला, "गाद्या आल्या घरी, मालूम हाय ना तुले?" आणि इंटरव्ह्यूच्या खोलीत गेला.

मला वाटलं, आता आत सगळं निभावून नेईल. पण दारातून आवाज ऐकू आला. तो सरळच म्हणाला, "सर, डिस्कशनला बसलेला मी नव्हतो. मी असतो तर कोणाचं ऐकलंच नसतं. मी बोललो असतो. तो बाहेर उभा हाय."

मला आत बोलावलं. खोलीत त्याच मॅडम आणि एक वयस्क साहेब होते. टेबलासमोर एकच खुर्ची. सचिन उभा होता. साहेबांनी मला बसायला सांगितलं. मी बसलो, पण टोकावर.

"शिक्षण?"

"नववी."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. साहेबांनी विचारलं, "मग तिथे आत काय करत होता?"

मी खाली बघून म्हणालो, "याची जागा धरून बसलो होतो, सर."

"आणि हा आलाच नसता तर?"

"तरी दुसऱ्या कोणाले बसू देलं नसतं, सर."

साहेब आधी माझ्याकडे, मग सचिनकडे, मग माझ्या खुर्चीकडे बघत राहिले.

"मग आता उठा की," ते म्हणाले. "बसू द्या त्याला."