खोडरबराला बंदी

"मी हे वाचणार नाही, मिस व्हर्ना."

"वाचशील. तीन मिनिटांत बरोबर बसतंय. घड्याळ लावून पाहिलंय मी."

"बसतंय, पण माझं नाहीये ना! एकसुद्धा ओळ खोडलेली नाही ह्यात."

"मग काय बिघडलं?"

"तुमचाच नियम आहे. खोडलं नाही, म्हणजे लिहिलं नाही."

मी वाचनालयाच्या तळघराच्या जिन्यावर उभी होते. माझी भाची इलीस, वय वर्षं अकरा, तिला घरी न्यायला आले होते. तिचा हा वाद चालला होता तिच्या शिक्षिकेशी, व्हर्ना पेल्टियरशी.

सकाळी शाळेच्या स्वयंपाकघरात डोक्याला जाळी लावून मुलांना जेवण वाढायचं आणि तीन वाजता ह्या तळघरात त्यांना लिहायला-बोलायला शिकवायचं, हे व्हर्नाचं बावीस वर्षं चाललंय. मीही इथेच शिकले. इथे खोडरबराला बंदी. शब्द चुकला तर त्यावर एकच रेघ मारायची, चुकलेला शब्द दिसला पाहिजे. सगळे कच्चे कागद तारीख घालून पक्क्या कागदामागे टाचायचे. मग उभं राहून वाचायचं. व्हर्ना सगळ्यात लांब, बॉयलरला टेकून बसायची आणि ओरडायची, "सूप असतं तर इथवर पोचलं असतं! शब्द कुठे सांडले?"

ह्या कच्च्या कागदांमागे एक माणूस होता. हार्लन गेज.

एकोणऐंशी साली व्हर्ना आठवीत होती. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या आमच्या ह्या कागदकारखान्याच्या गावात तिचा बाप लगद्याच्या हौदावर कामाला. तो आणायचा त्या वाया गेलेल्या कागदांवर तिने नदीवर निबंध लिहिला. गेज मास्तरांनी तो सगळ्या वर्गासमोर दोन बोटांत धरला. "छान आहे. कुणी लिहून दिला?"

"मीच लिहिला, सर."

"मग कच्चे कागद दाखव."

ते तिच्या आईने चूल पेटवायला वापरले होते. निबंधाचं बक्षीस दुसऱ्याला गेलं. 'चोरटी' हे नाव तिला चिकटलं ते चिकटलंच, आणि दोन वर्षांनी तिने शाळा सोडली.

"माफ करून टाका की आता," असं मी एकदा म्हणाले होते.

"माफी हवी असेल तर चर्चमध्ये जा. इथे लिहायला शिकवतात."

आता गेज शाळा मंडळाचा अध्यक्ष होता आणि 'पदवी नसलेल्या व्यक्तीचा' हा लेखनवर्ग बंद करायचा ठराव त्यानेच आणला होता. मंडळाच्या सभेत यादीत नाव घातलं की कुणालाही तीन मिनिटं बोलता येतं. व्हर्नाने इलीसचं नाव घातलं आणि भाषण स्वतः लिहिलं. वर्गाबद्दल त्यात दोन ओळी. बाकी सगळा गेज. तेच भाषण इलीस त्या दिवशी नाकारत होती.

"तुम्हीच बोला ना मग त्याला," इलीस म्हणाली.

"माझी जीभ टाळ्याला चिकटते त्याच्यासमोर. गेल्या महिन्यात जेवणाच्या रांगेत आला, तर मला 'बटाटे वाढू?' एवढंही विचारता आलं नाही, पोरी. पंचेचाळीस वर्षं झाली. मला त्याला सगळ्या गावासमोर खाली मान घालायला लावायचीय."

इलीसने तो स्वच्छ कागद घडी करून तिच्या हातात ठेवला. "आणि त्याने मला विचारलं, कुणी लिहून दिलं, तर?"

गुरुवारी मंडळाच्या सभेला शाळेचा व्यायामहॉल भरला होता. व्हर्ना सवयीप्रमाणे शेवटच्या खुर्चीवर. इलीसने माइक खाली ओढला.

"दोन वर्षांपूर्वी माझा दात दुखत होता. मला ते कुणाला सांगता येईना. नऊ दिवस. दहाव्या दिवशी मी ते तळघरात लिहिलं, आणि मिस व्हर्नाने मला ते मोठ्याने वाचायला लावलं. वाचता वाचता मी रडले, पण वाचलं. त्याच संध्याकाळी आई मला डॉक्टरकडे घेऊन गेली. वर्ग बंद केलात, तर पुढच्या मुलीचा दात कोण ऐकणार?"

टाळ्या पडल्या. गेजने चष्मा काढला, हसला. "गोड आहे. कुणी लिहून दिलं, बाळ?"

इलीस सरळ त्याच्या टेबलाशी गेली आणि टाचलेला गठ्ठा त्याच्यापुढे ठेवला. "अकरा कच्चे कागद आहेत. तारखा वर आहेत. तिसऱ्यावर 'दात' चारदा खोडलाय. बघा."

तो बघू लागला. एक पान, दुसरं, तिसरं.

तेवढ्यात मागून खुर्ची सरकली.

"मिस्टर गेज!" माइक नव्हता, तरी प्रत्येक शब्द टेबलापर्यंत पोचला. "एकोणऐंशी साली हाच प्रश्न मला विचारला होतात. माझे कागद चुलीत गेले होते. आज कोरा कागद द्या, विषयही तुम्हीच द्या. इथे, सगळ्यांसमोर लिहिते. मग पुन्हा विचारा, कुणी लिहून दिलं!"

एका बाईने आपल्या वहीतलं पान टर्रकन फाडून पुढे धरलं. व्हर्ना ते हातात घेऊन उभी राहिली.

गेजने गठ्ठा खाली ठेवला, खुर्चीवरचा कोट उचलला आणि कुणाकडेही न बघता बाजूच्या दाराने बाहेर पडला.